अँथनीचे टायर

गिरीज,
१४ नोव्हेंबर १९९९

प्रिय मार्सेलमामा यांस,
जेसनचा नमस्कार. आई, क्रिस्टिना आणि मी, तिघंही ठीक आहोत. एक बातमी आईच्या आधी मीच देतो, कारण तिने दिली तर तुम्हांला वाटेल घरात कोणी आजारी पडलंय. मी मोटारसायकल घेतली! जुनीच, शंभर सीसीची, पण ठेवण शर्यतीच्या गाडीची. हँडल खाली, टाकी लांबट, बसलं की पोट टाकीला टेकतं. सांडोरच्या एका मास्तरांची होती. त्यांची पाठ धरली म्हणून त्यांनी विकली.

इंजिन झकास आहे, टायर मात्र गेलेत. मागचा तर पार टकला झालाय. पारनाक्याचा दुकानदार म्हणतो कडक रबराचा घे, दोन वर्षं बघायला नको. वालीवच्या कंपनीत माझ्याबरोबर विघ्नेश आहे, तो म्हणतो मागे तीन नंबरचा रुंद घाल, गाडी भारदस्त दिसेल. मी दोघांनाही सांगितलं, माझा मामा मस्कतला दहा वर्षं टायरच बसवतोय, त्याला विचारल्याशिवाय मी हवासुद्धा भरणार नाही.

रस्त्याचं म्हणाल तर तुम्ही मागे आला होतात त्यापेक्षा टँकर दुप्पट झालेत. आपल्या विहिरींचं पाणी उपसून विरार-नालासोपाऱ्याच्या इमारतींना नेतात आणि जाताना गळत जातात. बावखलाच्या वळणावर, त्या तळ्याच्या दगडी कठड्यापाशी, रस्ता बारा महिने ओला असतो. आई म्हणते तिथे उतरून गाडी ढकलत ने. आता बोला!

तुमचा,
जेसन


मस्कत,
२७ नोव्हेंबर १९९९

प्रिय जेसन,
अभिनंदन. गाडी आईला विचारून घेतलीस की सांगून घेतलीस, ते तू लिहिलं नाहीस, म्हणजे सांगूनच घेतलीस.

आता नीट ऐक. तुझ्या गाडीला पुढे अडीच आणि मागे पावणेतीन, दोन्ही अठरा इंची. कारखान्याने हे आकडे झोपेत ठरवलेले नाहीत. अरुंद रिमवर रुंद टायर कोंबला की तो मधोमध फुगतो आणि वळताना नको तिथे टेकतो. विघ्नेशला म्हणावं, भारदस्त दिसायचं असेल तर मिशी वाढव.

रबर मऊच घे. सहा महिन्यांत झिजेल, झिजू दे. टायर झिजतोय म्हणजे तो रस्ता धरतोय. पुढच्याची नक्षी उभ्या रेघांची बघ, ती पाणी बाजूला सारते. आणि विकत घेताना टायरच्या कडेला छापलेले तीन आकडे वाच. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, तिसरा म्हणजे साल. दोन वर्षांहून जुना माल दुकानदाराच्या आजोबाला विक म्हणावं. लोकांना वाटतं टायर फक्त चालवल्याने म्हातारा होतो. तो नुसता पडून राहिला तरी होतो, माणसासारखाच. बसवल्यावर पहिले शंभर किलोमीटर गाडी वाकवायची नाही. नव्या टायरवर साच्याचा गुळगुळीतपणा असतो, तो रस्त्यावर घासून जाऊ दे.

मीही मे महिन्यात इथलं आवरून कायमचा येतोय. वाडीच्या टोकाला मला एक खोली बांधू द्यायला तुझी आई तयार आहे. पारनाक्यावर तू आणि मी टायरचं दुकान काढू, बायको मिळाली तर मिळाली. नाहीतर बायच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, हातचं जेवण आहेच. आमची आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. बाय सोळा वर्षांची, मला कडेवर घेऊन वसईच्या बाजारात केळी विकायची. एका माणसाने तिला विचारलं होतं, पोरगाही विकायचाय का? ती त्याच्यावर अशी धावून गेली की तो माणूस पुन्हा बाजारात दिसला नाही.

तिला माझा नमस्कार सांग. गाडी ढकलू नकोस, पण त्या वळणावर हळू जा.

तुझा मामा,
मार्सेल


गिरीज,
१० डिसेंबर १९९९

प्रिय मामा,
तुमचं पत्र दुकानदाराला वाचून दाखवलं. तो म्हणाला, हा माणूस इथे आला की माझं दुकान बंद. पण आता टायर विकत घ्यायचेच नाहीत! तुम्ही ९४ साली बाबांसाठी आणलेले दोन टायर आठवतात? विमानतळावर कस्टमवाल्याने जे बघून, हार म्हणून गळ्यात घालणार का, असं विचारलं होतं, तेच. बाबांना कावीळ झाली आणि ते गेले, टायर तसेच राहिले. आईने ते पोटमाळ्यावर जपून ठेवलेत हे मलाही माहीत नव्हतं. माप अगदी तुम्ही लिहिलंय तेच.

काल तिने स्वतः शिडीवर चढून ते खाली काढले. म्हणाली, "तुझ्या बापाच्या नशिबी नव्हते, तुझ्या नशिबी हायेत. घरात नवे पडले असताना दुकानात कशाला जातोस?" तुम्ही पाठवलेलं काही वापरायचं नाही ही तिची रीत तुम्हांला ठाऊक आहेच. तुमचे साबण अजून साड्यांच्या घड्यांत आहेत, तुमची चादर फक्त फादर घरी आले की खाटेवर पडते. पण मामा, या टायरांची तिने जी सेवा केलीय! दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी चर्चमधल्या मिस्साहून आली की पोटमाळ्यावर जाऊन दोन्ही टायर पुसायचे आणि घरच्या नारळांचं घाण्यावरचं तेल चोळायचं. साडेपाच वर्षं! रबर सुकू नये म्हणून. असे काळेभोर चकाकतात की क्रिस्टिना म्हणाली, यात तोंड बघून वेणी घालता येईल.

आई म्हणत होती नाताळातच बसव, सगळे बघतील. मी म्हटलं ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला बसवतो. त्या दिवशी फादर अंगणात गाड्यांना आशीर्वाद देणार आहेत. तोवर जुन्यावर ढकलतो. तुमचा आशीर्वाद पत्रातून पाठवा.

तुमचा,
जेसन


मस्कत,
२१ डिसेंबर १९९९

जेसन,
तुझं पत्र आत्ता मिळालं, उभ्या उभ्या लिहितोय. ते टायर बसवू नकोस. चकाकी बघू नकोस, नक्षी बघू नकोस. कौलांखालच्या उकाड्यात साडेपाच वर्षं पडलेलं रबर आतून लाकूड झालेलं असतं. आणि तेल रबरात जिरतं. वरून कितीही पुसलंस, साबणाने धुतलंस, तरी चाक गरम झालं की ते पुन्हा बाहेर येतं. सुक्या रस्त्यावर कदाचित कळणारही नाही. ओल्यावर तो टायर साबणाच्या वडीसारखा निसटेल. पारनाक्यावर जा आणि मी सांगितलेले घे.

बायला तेलाचं काही बोलू नकोस. तिला सांग, मामा म्हणतो माप बसत नाही. तिने ते टायर नाही पुसले, ती तुझ्या बापाची सेवा करत होती. तिला वाईट वाटेल असं काही तुझ्या तोंडून निघता कामा नये. कोपऱ्यावरच्या दुकानात फोन करून निरोप ठेवणार होतो, पण तो दुकानदार अख्ख्या गिरीजला ऐकवत तुझ्या घरी येईल आणि तेलाची गोष्ट बायच्या कानावर जाईल. तू ६ तारखेला बसवणार आहेस, तोवर हे पत्र पोचतंच. पोचल्याचं लगेच कळव.

नाताळच्या शुभेच्छा तिघांना.

मार्सेलमामा


गिरीज,
३ जानेवारी २०००

मामा,
तार मिळाली असेल. तारेत लिहिता येत नव्हतं ते आता लिहिते. जेसन २७ तारखेला, सोमवारी सकाळी गेला.

नाताळच्या आदल्या दिवशी त्याचा मागचा जुना टायर फुटला. सोमवारी कामावर जायचं होतं, म्हणून रविवारी मिस्सा झाल्यावर त्याने आणि विघ्नेशने अंगणात बसून बाबांचे टायर चढवले. आशीर्वाद नंतर घेईन म्हणाला. आईने दोन्ही टायरांवरून फडकं फिरवलं. सोमवारी पावणेसातला तो निघाला. बावखलाच्या वळणावर गाडी आडवी झाली आणि त्याचं डोकं कठड्याच्या दगडावर आपटलं. मागून सायकलवरून आल्बर्टकाका पानांचे करंडे घेऊन येत होते. ते म्हणतात, "वेग काही नव्हता, मी सायकलवर त्याच्या मागोमाग होतो." इस्पितळात पोचेपर्यंत संपलं होतं.

गावाने तीन दिवस टँकर अडवले. सगळे म्हणतात टँकरच्या पाण्याने मारलं.

मामा, तुमचं २१ तारखेचं पत्र ३० तारखेला आलं. घर माणसांनी भरलेलं होतं, पोस्टमनने ते माझ्या हातात ठेवलं. मी केळीत जाऊन वाचलं. नऊ दिवसांत आलं, एरवी बारा लागतात. पोस्टावर रागवायलाही जागा नाही. आईला दाखवलं नाही. ते माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे आणि मला ते पुस्तक उघडवत नाही.

आई रडत नाही, प्रश्न विचारते. गाडी गॅरेजात नेली तेव्हा तिथला माणूस टायरला हात लावून काहीतरी पुटपुटला, ते तिने ऐकलं. तेव्हापासून येईल त्याला विचारते, टायर तर नवे होते ना? ती तुम्हांला लिहिणार आहे. टायरच्या बाबतीत तिचा दुसऱ्या कोणावर विश्वास नाही. मी काय करू ते सांगा. मला लिहायचं तर मी शिकवते त्या बालवाडीच्या पत्त्यावर लिहा, घरची पत्रं आता ती स्वतः घेते.

क्रिस्टिना


गिरीज,
१३ जानेवारी २०००

मार्सेल,
तुला सुट्टी मिळाली नाही, कळलं. मालकाकडे पासपोर्ट आहे त्याला तू काय करणार. माझी तक्रार नाही.

मला चौथीपर्यंतच येतं, चुका काढू नकोस. हे मी क्रिस्टिनाकडून लिहून घेतलं नाही, कारण ती मला सांभाळून घेते. सगळेच सांभाळून घेतात. फादर म्हणतात देवाची इच्छा. गाव म्हणतो टँकर. अरे, त्या पाण्यातून गावची पन्नास पोरं रोज जातात. त्या दिवशीही गेली. माझाच का पडला?

गॅरेजवाला टायरला हात लावून म्हणाला, तेल. बोटं विजारीला पुसली. मी विचारलं काय म्हणालास, तर म्हणतो काही नाही आई. मार्सेल, ते तेल मी लावलं. साडेपाच वर्षं लावलं. मशीनला लावतात, कोयत्याला लावतात, डोक्याला लावतात, म्हणून मी लावलं. मला कोणी शिकवलं नाही, कोणी अडवलंही नाही.

मी जेवायला बसले की माझ्या हाताला तो वास येतो. साबण लावते, राख लावते, तरी येतो. घास तोंडापर्यंत जातो आणि परत ठेवते. मला एवढंच सांग, माझ्या पोराला मी मारलं का? तू आयुष्यभर टायरचंच काम केलंस, तुला कळतं. आईची शपथ घालते, खोटं लिहू नकोस.

आल्बिना


मस्कत,
२८ जानेवारी २०००

प्रिय क्रिस्टिना,
बायचं पत्र आलं. तिला मी जे लिहिलंय त्याची नक्कल या पाकिटात आहे, आधी तू वाच, म्हणजे ती समोर वाचेल तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर काही दिसणार नाही.

माझं २१ तारखेचं पत्र आजच चुलीत घाल. त्यात मी टायर बसवू नकोस असं लिहिलंय. ते घरात राहिलं तर माझं आजचं पत्र खोटं ठरेल, आणि मग तिला खरं कळेल.

तू म्हणशील मामाने आजीची खोटी शपथ घेतली. घेतली. पण सगळंच खोटं नाही, पोरी. मी फोन करू शकत होतो. इथे दुकानाच्या दारात फोन आहे. बायला वाईट वाटू नये म्हणून मी तो उचलला नाही. तिचं मन जपायला गेलो आणि तिचं पोर गेलं. तेव्हा दोष माझ्यावर घ्यायला मला फार लांब जावं लागत नाही.

तिच्याकडे आता तू एकटीच आहेस. तिने अन्न सोडलं तर तीही जाईल. तिने मला वाढवलं आहे, तिचा हट्ट मला ठाऊक आहे. तिला दुसऱ्या कोणाचा तरी राग यायलाच हवा. टँकरचा तिला येत नाही, देवाचा ती येऊ देणार नाही. उरलो मी. कुमसाराला, पापांची कबुली द्यायला जाशील तेव्हा फादरना सांग, हे पाप मामाचं आहे, माझं नाही.

मार्सेलमामा


मस्कत,
२८ जानेवारी २०००

प्रिय आल्बिनाबाय,
तू आईची शपथ घातलीस म्हणून लिहितो. नाहीतर लिहिलं नसतं, कारण माझी हिंमत नव्हती.

तेलाने काही झालेलं नाही. तेलाने रबर टिकतं, आम्हीही इथे लावतो. गॅरेजवाल्याला काही कळत नाही. तू इतकी वर्षं पुसलेस म्हणून ते टायर दिसायला तरी बरे राहिले.

बाय, ते टायर नवे नव्हतेच. ९४ साली आमच्या दुकानात काही माल आतून चिरलेला निघाला. मालकाने तो फेकायला सांगितला होता. त्यातले दोन मी उचलले, घासून पुसून कागदात गुंडाळले आणि अँथनीभावजींसाठी नवे म्हणून घेऊन आलो. परदेशातून येऊन रिकाम्या हाताने दारात उभा राहायला मला लाज वाटत होती. मग भावजी गेले आणि मला वाटलं विषय संपला.

जेसनने डिसेंबरात विचारलं, ते बसवू का? तेव्हा मी सांगायला हवं होतं. पण सहा वर्षांपूर्वीची माझी लबाडी भाच्यासमोर उघडी पडेल म्हणून मी त्याला लिहिलं, खुशाल बसव, माल चांगला आहे. त्याने माझ्या शब्दावर बसवले. तुझा यात काडीचाही दोष नाही. तू फक्त जपून ठेवलेस. जे झालं ते माझ्यामुळे झालं.

क्षमा मागायची माझी लायकी नाही, तरी मागतो. बाय, जेव. क्रिस्टिनासाठी तरी जेव.

तुझा,
मार्सेल


गिरीज,
१५ फेब्रुवारी २०००

मार्सेल,
तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा मनात, एकदा क्रिस्टिनाला मोठ्याने, एकदा अँथनीच्या फोटोसमोर. क्रिस्टिना अर्ध्यातच उठून केळीत निघून गेली. लहानपणापासून तुझी लाडकी, तिला सहन झालं नाही.

पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. म्हटलं हा मला वाचवायला लिहितोय. लहानपणी बरणी मी फोडली तरी "मीच फोडली" म्हणून तू मार खायचास, तसं. मग क्रिस्टिनाला विचारलं, जेसनला मामाचं उत्तर आलं होतं का? ती म्हणाली, आलं होतं. मी विचारलं, त्यात काय होतं? माझ्याकडे न बघता म्हणाली, बसव म्हणून लिहिलं होतं. विचारलं, कुठे आहे ते पत्र? म्हणाली, रागाने जाळलं. ती पोरगी माझ्याशी जन्मात खोटं बोललेली नाही. तेव्हा मला पटलं.

तुला मी कडेवर घेऊन फिरले. माझ्या ताटातलं तुला भरवलं. माझ्या लग्नात मागच्या बाकावर तू झोपला होतास म्हणून मी मिरवणूक थांबवून तुला उचलून घेतलं. आणि तू माझ्या नवऱ्याला फेकलेला माल दिलास, माझ्या पोराला त्यावर बसवलंस, एक पत्र खरं लिहायची लाज वाटली म्हणून. लाज! मला ते टायर देवघरातल्या वस्तूसारखे होते.

मे महिन्यात येऊ नकोस. वाडीच्या टोकाला तुझ्या खोलीसाठी जागा सोडली होती, तिथे मी काल केळी लावल्या. जेसनच्या वर्षाच्या मिस्सालाही येऊ नकोस, मी फादरना सांगितलंय. मी मेले तरी क्रिस्टिना तुला कळवणार नाही, तिच्याकडून मी कबूल करून घेतलंय. ती फार रडली, पण हो म्हणाली.

तरी एक लिहिते, कारण शपथ मी घातली होती आणि तू खरं बोललास. तुझं पत्र आलं त्या दिवशी संध्याकाळी मी हात धुतले, तर वास येईना. सकाळी भात खाल्ला. दुसऱ्या दिवशीही खाल्ला. इतके दिवस मी स्वतःला खात होते, आता जेवते. झोपही लागते. डोळे मिटले की पूर्वी जेसन दिसायचा, आता तू दिसतोस, आणि मी तुला शिव्या देत देत झोपते.

पुन्हा पत्र पाठवू नकोस. आलं तर न उघडता परत करीन.

एके काळची तुझी बाय,
आल्बिना